जहाजी झंपराचं डावं पान

चिखली,
४ नोव्हेंबर २०२५

चि. करिष्मा,

आशीर्वाद शेवटी देईन, द्यावेसे वाटले तर.

फोन मुद्दाम केला नाही. माझा आवाज चढला की तुझ्याकडची रेंज जाते, हे मला आता पाठ झालं आहे. कागदाची रेंज जात नाही. स्पीड पोस्टानं पाठवते आहे. सही करून घे आणि बसून वाच.

काल मी साडीला फॉल लावायला टाकायचा म्हणून मुबीनाकडे गेले. तिचं बसस्टँडच्या मागे लेडीज टेलरचं दुकान आहे, आणि शाळेत ती माझ्या हाताखाली शिकली. मला पाहिल्याबरोबर तिनं मशीन थांबवली आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "बाई, हे तुमच्या करिष्माचंच दुकान हाय ना पुण्याचं?" मी चष्मा लावला. पाहते तर पुण्याची कुणी उंचेली मुलगी माझा झंपर घालून भिंतीला टेकून उभी! माझा झंपर! पांढऱ्या रुबियाचा, निळ्या कॉलरीचा, कॉलरीवर पांढऱ्या फितीच्या तीन रेघा असलेला. जो मी लोखंडी पेटीच्या तळाशी मांजरपाटात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवला होता.

दिवाळीत तू आलीस, "आत्या, तुझ्या पेटीत काय काय आहे बघू," म्हणालीस आणि मी चकल्या तळायला आत गेले. तेवढ्यात उरकलंस का? विचारलं असतंस तर मी दिला नसता, हे तुला ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाहीस.

तरी तेही मी गिळलं असतं. भावाची पोर आहेस. पण त्या फोटोखालचं मी मुबीनाकडून दोनदा वाचून घेतलं. 'मुंबईच्या अज्ञात कारागिराची कलाकृती, १९७७. कॉलरचा डावा भाग काळाच्या ओघात हरवला, आणि तेच अधुरेपण आमच्या नव्या मालिकेची प्रेरणा ठरलं.' तीस नोव्हेंबरला पुण्यात तुझं प्रदर्शन आहे, तिथे अर्ध्या कॉलरीचे तीस झंपर विकायला ठेवणार आणि हीच पाटी दारात लावणार, असंही लिहिलं आहेस.

काळाच्या ओघात म्हणे! आणि अज्ञात कोण गं? तिला नाव आहे. नसीमा. देऊळघाटच्या फकीर मोहम्मद टेलरांची मुलगी. जिवंत आहे, तुझ्या-माझ्यासारखी चहा पिते. मुबीना तिचीच लेक.

ऐक. १९७७ साली मी बावीस वर्षांची होते, देऊळघाटात तुझ्या आजोबांच्या घरी राहून बुलढाण्याला शिवणाचा कोर्स करत होते. नसीमा माझ्याहून दोन वर्षांनी लहान. आमच्या ओसरीवर बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. त्यावर जहाजाच्या कठड्याला रेलून उभी राहिलेली एक बाई, अंगात पांढरा झंपर, निळी कॉलर, छातीवर लाल रुमालाची गाठ. बियाण्याच्या दुकानाला जहाजावरची बाई कशाला लागते, ते त्या दुकानदारालाच ठाऊक. मी नसीमाला म्हटलं, मला असा झंपर पाहिजे.

"पुढून तं समजलं," नसीमा म्हणाली. "मांगून कसा असंल वं?"

"मले काय माहीत? तिची पाठ समुद्राकडे हाय."

नसीमानं कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. मागे संकरित कपाशीची लागवड कशी करावी ते छापलेलं होतं.

आम्ही दोघींनी समुद्र पाहिलेला नव्हता, खलाशी तर नाहीच. ही कॉलर पाठीवर चौकोनी, एकसंध असते हे मला फार वर्षांनी कळलं. नसीमानं आठ दिवस विचार केला आणि माझ्या पाठीकडे बघून पाठ बनवली. म्हणाली, "तुहा पदर डाव्या खांद्यावर, अन् तुह्या वेणीले पावशेर तेल." म्हणून तिनं मागची कॉलर मधोमध चिरून दोन पानं केली. दोन्ही पानं वेगवेगळी, चार-चार बटणांवर लावायची. साडी नेसली की डावं पान काढून घरी ठेवायचं, म्हणजे पदराखाली चोळामोळा होत नाही. तेल लागलं की तेवढं पान काढून धुवायचं. तू लिहिलं आहेस की खलाशांच्या वेणीचं तेल सदऱ्याला लागू नये म्हणून ही कॉलर निघाली. खरं-खोटं तूच जाण. नसीमाला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यासमोर माझी वेणी होती.

तेव्हा डावं पान हरवलेलं नाही, ते काढून ठेवायसाठीच केलेलं आहे. अधुरेपण कसलं! जिला तू प्रेरणा म्हणतेस ती माझ्या पदराची सोय आहे.

पाटी बदल. 'नसीमा, देऊळघाट' असं लिही. एवढं केलंस तर झंपराची चोरी मी माफ करीन.

आत्या

(आशीर्वाद राहिले आहेत, विसरलेले नाहीत.)


चिखली,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. करिष्मा,

तुझा मेसेज मुबीनाच्या पोरानं वाचून दाखवला. म्हणजे तो तिच्या घरात मोठ्यानं वाचला गेला, हेही लक्षात असू दे.

'आत्या, मुंबई मी मनानं घातलेली नाही. लहानपणापासून तूच सांगत आलीस. बाबांना विचारलं, तेही तेच म्हणाले. आणि पाटीवरच्या दोन शब्दांनी आता काय फरक पडतो?'

गजेंद्र काय म्हणणार! तो तेव्हा दहा वर्षांचा होता, त्याला झंपर आणि पिशवी यातला फरक कळत नव्हता. बहिणीनं सांगितलं तेच त्यानं पाठ केलं.

हो. मुंबई मीच म्हटलं होतं. घे, लिहून दिलं. पण का म्हटलं तेही वाच. तुझे आजोबा उत्तमराव कडक माणूस. पोरीनं असलं काही अंगात घालायचं आणि तेही गावातल्या शिंप्याच्या पोरीनं लपूनछपून कापलेलं, हे त्यांना खपलं नसतं. मुंबईची वस्तू म्हटली की ते गप्प बसायचे. 'मामानं मुंबईहून आणला' म्हटलं आणि विषय मिटला. त्या काळात पोरींना अशा थापा माराव्याच लागायच्या. तुमच्यासारखं बापाला 'मी हेच घालणार' म्हणायची आमची टाप नव्हती. एकदा म्हटलं की पुढे तेच चालत राहतं. तू विचारलंस तेव्हा जिभेवर तेच आलं.

माझी थाप घरातल्या चार माणसांपुरती होती. तू ती पुण्याच्या दारात टांगते आहेस. आता तुला खरं सांगून झालेलं आहे, तरी टांगते आहेस. मग खोटं कुणाचं, माझं की तुझं?

आणि फरक काय पडतो म्हणून विचारतेस? तुझ्या प्रत्येक कपड्याच्या मानेवर तुझ्या नावाची चिंधी शिवलेली असते. ती काढून 'अज्ञात' अशी चिंधी लाव. मग सांग मला, काय फरक पडतो.

आणखी एक. काल मुबीना दुकान बंद करून माझ्याकडे आली. उभीच राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाई, अम्मीले तो फोटो दाखवला. लई वेळ पाहत राह्यली. मंग म्हणे, ते डावं पान हरवलं नाई, माह्याजवळ हाय. बाई, अम्मीच्या पेटीत लहानपणापासून ते निळं फडकं मी पाहत आली. कशाचं हाय म्हणून विचारलं तं सांगे ना. तुमच्या झंपराचं पान अम्मीजवळ कसं काय?"

मी म्हटलं, राहून गेलं असेल. मुबीना माझी विद्यार्थिनी आहे, उलट बोलली नाही. पण माझ्याकडे जे पाहिलं तिनं, ते मला आवडलं नाही.

पाटी बदल. तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस.

आत्या


चिखली,
१८ नोव्हेंबर २०२५

करिष्मा,

'स्थानिक कारागीर'! हा तुझा तोडगा? 'पाटीवर अज्ञातऐवजी स्थानिक कारागीर टाकते, चालेल ना आत्या?' अगं, स्थानिक म्हणजे कुठली? कारागीर म्हणजे कोण? भाजीवालीला सुद्धा आपण नाव विचारतो. 'मुंबई' मात्र राहू देणार, कारण 'मुंबई असली की गोष्टीत समुद्र येतो' म्हणे. देऊळघाट म्हटलं की गोष्टीतून काय येतं? धूळ?

हे वाक्य इथवर लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. कालची गोष्ट आहे. आज पुन्हा उचललं.

कारण मीही तेच केलं होतं. मला धुळीची लाज वाटली होती.

मागच्या पत्रात तुझ्या आजोबांच्या नावावर बिल फाडलं, ते खोटं आहे. बाबांनी झंपराकडे मान वर करून पाहिलं सुद्धा नव्हतं. गेलेल्या माणसाला पुढे करणं सोपं असतं. घडलं ते असं.

बुलढाण्याला महिला मंडळाचं शिवणाचं प्रदर्शन होतं. मी तो झंपर घालून गेले, निळ्या काठाची पांढरी साडी नेसून. उजवं पान पाठीवर, डावं नसीमाकडे. तीही आली होती. प्रदर्शनात तिचं काही नव्हतं. टेलरच्या घरच्या मुलींना तेव्हा कातरीला हात लावू देत नसत. त्यांनी काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. कापायचं ते पुरुषांनी. माझा झंपर तिनं आमच्या ओसरीवर बसून, माझ्या आईच्या कातरीनं चोरून कापला होता. शेवटी तिनं अब्बांना सांगून टाकलं तेव्हा फकीर मोहम्मद चाचा तिला म्हणाले होते, "बाहेरचं एक काम तुह्या नावानं घेऊन ये, कातर तुह्या हातात देतो. नाई तं काजं कर." हे तिनंच मला सांगितलं, येताना एसटीत. डावं पान मुद्दाम बरोबर घेतलं होतं. कुणी विचारलं तर बटणांवर लावून दाखवू म्हणून.

तिथे नागपूरहून एका साहेबांच्या बाई आल्या होत्या. प्रदर्शनातलं काही न बघता त्या माझ्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. "किती सुरेख! कुठे शिवलंत हे?" नसीमा चार हातांवर होती, पान हातात घेऊन. मला वाटलं, देऊळघाट म्हटलं तर ही बाई हसेल. फक्त एवढंच वाटलं, दुसरं काही कारण नाही. मी म्हटलं, "मुंबईला."

मान वळवली तेव्हा नसीमा नव्हती. परतीच्या एसटीतही नव्हती. पुढच्या वर्षी मला चिखलीच्या शाळेत नोकरी लागली. देऊळघाटाला शेताच्या कामानं शंभरदा गेले असेन. तिच्या गल्लीतून एकदाही गेले नाही. चौतीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं, त्यात तिची मुबीनाही आली. हजेरीत 'मुबीना' म्हणताना मी खाली पाहायची.

म्हणजे तुझ्यावर ओरडायचा मला अधिकार नाही, असं तू म्हणशील. म्हण. तरी मी ओरडणार. मी लाजून बोलले, तू माहीत असून छापते आहेस.

गुरुवारी देऊळघाटाला जाते आहे.

आत्या


चिखली,
२२ नोव्हेंबर २०२५

करिष्मा,

जाऊन आले.

तिच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. दारात खाटेवर बसून मुबीनाच्या दुकानातल्या ब्लाऊजांना काजं करत होती. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"ये. चहा घेतं का?"

जणू मी परवाच येऊन गेले होते. सुनेला चहा ठेवायला सांगितला, आतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला आणि पान काढून माझ्या हातावर ठेवलं. निळा रंग जागोजाग उडाला आहे. फिती मात्र जशाच्या तशा आहेत, चारी बटणं जागेवर.

"तू मोठेपणासाठी बोलली," ती म्हणाली. "बोलतात पोरी. मले तवा लई राग आला होता. मंग मी कवाचंच सोडून देल्लं. घेऊन जाय."

चहा चांगला होता, करिष्मा. माफी आयती मिळाली होती, मागावी सुद्धा लागली नव्हती. पान पिशवीत घालून मी संध्याकाळच्या गाडीनं परत येऊ शकत होते, आणि तुझ्या पाटीवर नसीमाचं नाव घालून आपण दोघी चांगल्या ठरलो असतो.

पण ती फक्त 'मुंबईला' ऐकून निघून गेली होती. पुढचं तिनं ऐकलंच नव्हतं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला मागच्या पत्रातही नाही. त्या बाई म्हणाल्या होत्या, "आमच्या मंडळाच्या मुलींसाठी असे दहा हवेत. शिवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून द्या, मी माणूस पाठवते." पर्समधून वही काढून त्यांनी माझ्या हातात दिली होती. आणि मी म्हटलं होतं, पत्ता लक्षात नाही.

हे मी नसीमाला सांगितलं.

ती काज करायची थांबली. "किती?"

"दहा."

"नाव विचारलं होतं तिनं?"

"हो. वही देल्ली होती लिहाले." मी कधीची तिच्यासारखी बोलायला लागले होते.

"अब्बा मले काय म्हणले होते, ते तुले माहीत होतं."

"हाव."

तिनं सुई ब्लाऊजात खोचून ब्लाऊज बाजूला ठेवला. मग तिनं माझ्या हातातलं पान परत घेतलं. ओढून नाही, सावकाश घेतलं, घडी केली, डब्यात ठेवून झाकण दाबलं.

"अठ्ठेचाळीस वर्सं झाले, मी काजं करून राह्यली, पुष्पा. मले वाटलं, माह्या नशिबातच कातर नाई. अब्बा गेले तरी त्याहीच्यावर राग धरला मी. अन् काम आलं होतं! दहा नगाचं काम आलं होतं!"

सून बाहेर येऊन उभी राहिली. नसीमाचा आवाज गल्लीत ऐकू जात होता. ती म्हणाली, "मोठेपणासाठी बोलली ते सोडलं म्या. हे नाई सोडत." मी म्हटलं, नको सोडू. दुसरं काही खरं नव्हतं.

मी चप्पल घातली तेव्हा ती मागून बोलली. "तुह्या भाचीले सांग, माहं नाव लिहायचं असंल तं पुरं लिह म्हणा. अर्धं नको. माहं लिह, अन् तुहं बी लिह. अन् तो झंपर इकडं आण म्हणा. पान मी लावीन. तुह्या हातात देणार नाई."

तेव्हा प्रदर्शनाच्या आधी तू झंपर घेऊन देऊळघाटाला ये. बुलढाण्याहून जीप मिळते. मी गल्लीच्या तोंडाशी थांबेन. आत तू एकटी जा, आणि गेल्यावर आधी तिला तिचं नाव विचार. आपल्याला माहीत असलं तरी विचार.

पाटीचा मजकूर खाली लिहून देते. छापलेल्या पाट्या फेकून दे. यातला एक शब्द बदललास, काढलास किंवा गोड केलास, तर तीस तारखेला मी स्वतः पुण्याला येऊन दारात उभी राहीन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तोंडानं सांगेन. सत्तर वर्षांची म्हातारी ओरडायला लागली की रेंज जात नाही.

*जहाजी झंपर, १९७७.*
*कल्पना, कापणी, शिलाई: नसीमा फकीर मोहम्मद, देऊळघाट, जिल्हा बुलढाणा.*
*तिला आलेलं दहा झंपरांचं काम 'हा मुंबईला शिवला' असं खोटं सांगून बुडवणारी: पुष्पा उत्तमराव, देऊळघाट, जिल्हा बुलढाणा.*

दोन्ही नावं एकाच आकारात छाप. माझं लहान नको.

आत्या